बाळ दूध टाकते तेव्हा

कामगार चळवळीत तीस वर्षे घालविलेल्या माणसाने पगारवाढ, बोनस आणि कंत्राटी पद्धत हे विषय सोडून तान्ह्या मुलांच्या ओकाऱ्यांवर बोलावे, हे व्याख्यानमालेच्या चिटणिसांना प्रथम चमत्कारिकच वाटले. पण हा विषय मी होऊन मागून घेतला. बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत आमच्या कचेरीत रजेचे अर्ज लिहून घ्यायला जी मंडळी येतात, त्यांत बाळंतपणानंतर कामावर परतलेल्या स्त्रिया पुष्कळ. कारणाच्या रकान्यात ‘मुलास उलट्या’ हे दोन शब्द माझ्या हातून इतक्यांदा लिहिले गेले की, त्यांच्यामागे खरोखर काय असते हे मुळापासून समजून घ्यावेसे वाटले. माझे शाळेतले शिक्षण बेताचे. डॉक्टर मंडळींना विचारून, ग्रंथ वाचून आणि चाळीचाळींतून हिंडताना डोळे उघडे ठेवून जे कळले, ते येथे मांडतो. औषध सांगणे हे माझे काम नव्हे. मीठ-साखरेच्या पाण्यासारखी एक साधी गोष्ट सोडली, तर या लेखात औषध असे सांगितलेले नाही.

या बाबतीत घरोघर दोन चुका होतात आणि त्या एकमेकींच्या अगदी उलट आहेत. जे निरुपद्रवी आहे त्याला आजार समजून आईचे दूध तोडले जाते, डबा आणला जातो, बाटल्यांवर बाटल्या औषध पाजले जाते. आणि जे खरोखर प्राणावर बेतणारे आहे, त्याला ‘दूध टाकणारच लेकरू’ म्हणून किंवा दृष्ट लागली म्हणून दोन दिवस अंगारा लावीत बसतात. पहिल्या चुकीत दूध जाते, दुसरीत मूल जाते. तेव्हा पहिले काम औषधाचे नसून ओळखण्याचे आहे.

आपल्या भाषेतच ही ओळख दडलेली आहे. बाळ ‘दूध टाकते’ किंवा ‘गुळणी करते’ असे आपण म्हणतो, आणि बाळाला ‘उलटी झाली’ असेही म्हणतो. हे दोन निराळे प्रकार आहेत. गुळणीत जोर नसतो. बाळ पिऊन झालेले असते, खांद्यावर असते, हसतही असते, आणि ओठांच्या कडेने दूध ओघळते. त्याचे त्यालाही काही वाटत नाही. उलटीत पोटाचे स्नायू आवळले जातात, चेहरा कसनुसा होतो, दूध जोराने बाहेर पडते आणि मूल नंतर कुरकुरते किंवा गळून जाते. एकदा हा भेद डोळ्यांत बसला, की पुढच्या पुष्कळशा गोष्टी सोप्या होतात.

आता गुळणी येते का, ते पाहू. तोंडापासून जठरापर्यंत अन्न नेणारी जी अन्ननलिका, ती मोठ्या माणसात सुमारे पंचवीस सेंटिमीटर लांब असते. नवजात मुलात ती जेमतेम आठ-दहा सेंटिमीटर. तिच्या खालच्या टोकाला स्नायूचे एक कडे असते. ते घास खाली जाताना उघडते आणि मग मिटते. मुलांमध्ये हे कडे मधूनमधून, घास नसतानाही, क्षणभर सैल पडते. मोठ्यांतही पडते, पण आपण उभे असतो, आपले अन्न घट्ट असते आणि नळी लांब असते. बाळाचे सगळेच उलट. त्याचे अन्न पातळ, ते दिवसाचा बहुतेक वेळ आडवे, आणि नळी आखूड. पूर्वी भिस्ती पाठीवर चामड्याची पखाल वाही. तोंडाची वादी सैल बांधलेली भरली पखाल आडवी टाकून कोणी वर हात दाबला, तर काय होईल? बाळाचे तेच होते.

शिवाय ते पिते किती, याचा हिशेब कोणी करीत नाही. पहिल्या दोन-तीन महिन्यांत मूल दिवसाला वजनाच्या दर किलोमागे सुमारे दीडशे मिलिलिटर दूध घेते. साठ किलो वजनाच्या कामगाराने याच प्रमाणात प्यायचे म्हटले, तर त्याला रोज नऊ लिटर दूध रिचवावे लागेल, आणि तेही बहुतेक अंथरुणावर पडून. मग थोडे बाहेर आले तर नवल कसले? खरे नवल हे की एवढे आत राहते.

म्हणूनच दूध टाकणे हा बालपणाचा एक टप्पा आहे. पहिल्या तीन महिन्यांत निम्मी मुले दिवसातून एकदा तरी दूध टाकतात. चौथ्या महिन्याच्या सुमारास हे प्रमाण सर्वांत जास्त, म्हणजे तीनांत दोन मुलांपर्यंत जाते. नेमके याच वेळी आईला वाटते की रोग वाढत चालला. नंतर मूल बसू लागते, घट्ट अन्न खाऊ लागते, ते कडेही पक्के होते, आणि वर्षाच्या आतबाहेर शंभरात पाचच मुले दूध टाकणारी उरतात. हे आपोआप होते. त्या काळात जे औषध चालू असेल त्याला यश मिळते, ही गोष्ट वेगळी. आमच्या भागात अशा यशावर कित्येक बाबा आणि कित्येक बाटल्या पोसल्या गेल्या आहेत.

मूल ठीक आहे की नाही, हे टाकलेल्या दुधावरून ठरत नाही. आत राहिलेल्या दुधावरून ठरते. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत मुलाचे वजन थोडे उतरते, दहा ते चौदा दिवसांत ते पुन्हा जन्माच्या वजनावर येते, आणि पुढे पहिल्या तीन महिन्यांत रोज पंचवीस ते तीस ग्रॅमने वाढते. दिवसातून सहा वेळा किंवा अधिक लघवी होते. मूल जागेपणी टवटवीत असते. एवढे असेल तर त्याने दिवसातून दहा वेळा गुळणी केली तरी तो धुण्याचा प्रश्न आहे, दवाखान्याचा नव्हे. अंगणवाडीत वजनकाटा असतो. आशा कार्यकर्ती पहिल्या बेचाळीस दिवसांत तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते, तिच्याजवळही असतो. या भेटींची कल्पना आपल्याच विदर्भातून देशभर गेली, हे येथे सांगितले पाहिजे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या खेड्यांत गावातल्याच बायांना शिकवून घरी नवजात मुलांची काळजी घेण्याचा जो प्रयोग केला, तो १९९९ साली प्रसिद्ध झाला, आणि पुढे सरकारने ते काम आशांकडे सोपविले. तेव्हा आशाताई दारात आली की ‘सगळं ठीक आहे’ म्हणून तिला वाटेला लावू नका. मूल तिच्या काट्यावर ठेवा.

एक प्रयोग घरी करून पाहण्यासारखा आहे. चहाचा एक चमचा दूध घ्या आणि दुपट्यावर ओता. जो डाग पडेल तो तळहाताहून मोठा दिसेल. घरातली कोणीही बाई म्हणेल, ‘सगळं दूध काढलं हो लेकरानं!’ सगळे म्हणजे पाच मिलिलिटर.

आणखी एक भ्रम याहून घातक आहे. टाकलेले दूध बऱ्याचदा फुटलेले, दह्यासारखे कवडीदार आणि आंबूस वासाचे असते. त्यावरून निकाल दिला जातो की आईचे दूधच फाटके आहे, ‘अंगी लागत नाही’. आमच्या कचेरीत एक सूतगिरणीतली बाई आली होती. तिचे शब्द असे होते: “भाऊ, लेकरू पेलं की फेकते जी. माझं दूधच लागत नाही त्याले. सासूबाई म्हणतात, डबा आण.” आता वस्तुस्थिती पाहा. दूध जठरात गेले की तेथील आम्ल आणि पाचक रस त्याला विरजतात. पचनाची ती पहिली पायरीच आहे. पिऊन पाच मिनिटांत टाकले तर दूध पातळ आणि पांढरे येते, अर्ध्या तासाने टाकले तर दह्यासारखे. फुटलेले दूध दिसणे म्हणजे मुलाचे जठर आपले काम करीत आहे एवढेच. त्या माउलीचे दूध चांगले होते. मूल तीन महिन्यांचे, आणि काट्यावर भरपूर भरत होते.

तरीही डबा आलाच असता, आणि डबा आला म्हणजे काय होते? मूल स्तनाला कमी लागते, कमी लागले की दूध कमी उतरते, दूध कमी उतरले की आणखी डबा. महिनाभरात आईचे दूध संपते आणि घरखर्चात महिन्याला दोन-तीन हजारांची भर पडते. पैसे पुरावेत म्हणून भुकटी पातळ केली जाते, तेथे मूल वाळू लागते. बाटली नीट उकळली नाही की हगवण लागते, आणि मग ज्या ओकाऱ्या थांबविण्यासाठी डबा आणला त्या खऱ्या अर्थाने सुरू होतात. याच कारणाने १९९२ साली आपल्या संसदेने बालदुग्धाच्या पर्यायांवर आणि दुधाच्या बाटल्यांवर कायदा केला. त्यांची जाहिरात करणे, फुकट नमुने वाटणे हा त्याखाली गुन्हा आहे, आणि २००३ साली तो अधिक कडक झाला. ज्या मुलाला आई नाही किंवा जिला दूध देणे खरोखर शक्य नाही, त्याला डबा द्यावाच लागतो. तो डॉक्टरांच्या सल्ल्याने, डब्यावर लिहिलेल्या मापानेच द्यावा. पण गुळणीसाठी डबा, हा उपाय उफराटा आहे.

मग गुळणी कमी करावी कशी? ती पूर्ण थांबवता येत नाही, पण कमी करता येते, आणि त्याला पैसा लागत नाही. लागतो तो वेळ. मूल भुकेने आकांत करू लागण्यापूर्वीच अंगावर घ्यावे. रडून रडून हवा गिळलेले मूल घाईने ओढते, आणखी हवा गिळते, आणि मग ती हवा दुधासह वर येते. भुकेची आधीची चिन्हे असतात: मूल तोंड वळवते, मूठ चोखते, ओठ हलवते. पाजताना त्याचे डोके पोटापेक्षा वर असावे, तोंड चांगले उघडलेले असावे, आणि केवळ बोंडशी नव्हे तर भोवतालचा काळसर भागही बराचसा तोंडात गेलेला असावा. चटचट आवाज येत असेल तर पकड सैल आहे आणि हवा आत जाते आहे, असे समजून एकदा सोडवून पुन्हा लावावे. मध्येच आणि शेवटी ढेकर काढावी. बाळाला खांद्यावर उभे धरून, किंवा मांडीवर बसवून एका हाताने हनुवटी सावरून, पाठीवर हलके थोपटावे. पाच मिनिटांत ढेकर आली नाही तरी चिंता नाही. सगळ्याच मुलांना प्रत्येक वेळी येत नाही.

यानंतर जी गोष्ट सर्वांत उपयोगाची, ती सर्वांत कमी होते: पाजल्यावर वीस ते तीस मिनिटे बाळाला सरळ उभे धरणे. छातीशी, खांद्याशी, ताठ. मांडीवर पोट दुमडून बसविणे म्हणजे उभे धरणे नव्हे. त्याने पोट दाबले जाऊन उलट जास्त येते. झोळीचेही तेच. बांधकामावर, शेतावर आपल्या बाया झाडाला किंवा खांबाला लुगड्याची झोळी बांधतात. झोळी नसती तर त्यांचे काम झाले नसते, हे खरे. पण पाजल्याबरोबर मुलाला तीत घालून झोका देऊ नये. तीत मूल धनुष्यासारखे वाकते आणि पखालीवर हात पडतो. मालिश आणि अंघोळ पाजण्याआधी करावी, नंतर नव्हे. दाई मुलाचे पाय धरून त्याला उलटे करते, ती कसरत मात्र कधीच करू देऊ नये. लंगोट पोटावर आवळून बांधू नये.

आता वेळेकडे येतो, कारण माझ्या लेखी विषयाचे मर्म तेथे आहे. पंधरा-वीस मिनिटे पाजणे, पाच-दहा मिनिटे ढेकर, वीस-तीस मिनिटे उभे धरणे. एका वेळेचा हिशेब चाळीस मिनिटांच्या खाली येत नाही. पाळीवर काम करणाऱ्या बाईजवळ एवढा वेळ कोठून येणार? आपल्या देशात याचा लढा जुना आहे. मुंबईच्या विधिमंडळात प्रसूतिलाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर जुलै १९२८ मध्ये बोलले. १९२९ साली मुंबई प्रांताचा आणि १९३० साली आपल्या मध्यप्रांताचा कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर १९६१ चा प्रसूतिलाभ कायदा आला. कामावर परतलेल्या आईला, मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत, नेहमीच्या सुट्टीखेरीज दिवसातून दोनदा पाजण्यासाठी विश्रांती मिळाली पाहिजे, असे त्याने ठरविले. २०१७ साली रजा सव्वीस आठवड्यांची झाली, आणि पन्नास किंवा अधिक नोकर असलेल्या ठिकाणी पाळणाघर आणि तेथे दिवसातून चार वेळा जाण्याची मुभा आली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हे सगळे सामाजिक सुरक्षा संहितेत गेले, पण दोन विश्रांती, पंधरा महिने आणि पाळणाघर या गोष्टी कायम आहेत.

कागदावर हे उत्तम. प्रत्यक्षात काय होते, ते त्या सूतगिरणीतल्या बाईच्या तोंडून ऐकले. कारखान्यात पाळणाघर नव्हते. पाजण्याची विश्रांती पंधरा मिनिटांची, खात्यापासून फाटकापर्यंत चालायला चार मिनिटे, फाटकापासून भाड्याच्या खोलीपर्यंत पाच, आणि तितकीच परत. पाजायला उरे ते शून्यावर. ती धावत जाई, मूल रडून लाल झालेले असे, ते अधाशासारखे ओढी, आणि ढेकर न काढता ती त्याला पाळण्यात टाकून पळे. मूल दूध टाकी; सासूला दुधात खोट दिसे. आम्ही व्यवस्थापकांशी बोललो आणि त्यांनी तिच्या दोन्ही विश्रांती जेवणाच्या सुट्टीला जोडून दिल्या. एवढ्याने गुळण्या थांबल्या नाहीत, पण दुपारचे टाकणे पुष्कळ कमी झाले, आणि डब्याची गोष्ट घरात पुन्हा निघाली नाही. पाळणाघर आले असते तर याहून बरे झाले असते. त्याची मागणी अजून चालू आहे. कंत्राटी बायांना तर या विश्रांतीचे नावही ठाऊक नसते, आणि आमच्या वसाहतीत त्यांचीच संख्या मोठी.

ज्यांना दुपारी घरी जाणे शक्यच नाही, त्यांनी सकाळी स्वच्छ हाताने दूध काढून स्टीलच्या झाकणाच्या भांड्यात ठेवावे. ते साध्या हवेत सुमारे चार तास टिकते, आपल्या उन्हाळ्यात त्याहून कमी. शीतकपाटात दिवसभर टिकते. ते आजीने वाटी-चमच्याने किंवा जुन्या बोंडल्याने सावकाश पाजावे. बाटलीपेक्षा बोंडले धुवायला सोपे, आणि मूल घोट घेते तेवढेच जाते.

आता घरगुती उपायांविषयी. बाळगुटीत वेखंड उगाळले जाते. आयुर्वेदातच वेखंड जास्त मात्रेत वांती करविणारे म्हणून सांगितलेले आहे. ओकाऱ्या थांबविण्यासाठी ते उगाळणे हे तेल ओतून दिवा विझविण्यासारखे आहे. मध वर्षाच्या आत मुलाला देऊ नये. त्यात क्वचित असे जंतू असतात की लहान आतड्यात त्यांचे विष होऊन मूल लुळे पडते. ग्राइप वॉटर १८५१ साली इंग्लंडातील नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्ड यांनी काढले. मूळच्या मिश्रणात मद्यार्क होता, मूल शांत होई यात आश्चर्य नाही. आता त्यात मद्यार्क नसतो, आणि गुळणी थांबविण्याचा गुणही नसतो. मुंबईच्या गिरणगावात एके काळी आया मुलाला अफूची गोळी देऊन पाळीवर जात. त्यांना दोष देणे सोपे आहे. पण त्या काळी पाळणाघर कोणी दिले होते?

उन्हाळ्यात, पारा पंचेचाळीसच्या पलीकडे गेला की, सहा महिन्यांच्या आतल्या मुलाला पाणी पाजण्याचा मोह होतो. त्याची गरज नसते. आईच्या दुधात पाण्याचाच भाग सर्वांत मोठा असतो. उन्हाळ्यात मूल जास्त वेळा अंगावर घ्यावे आणि आईने स्वतः भरपूर पाणी प्यावे. आणखी एक गोष्ट आमच्या भागाची म्हणून सांगतो: खर्रा. बापाची बिडी आणि आईचा खर्रा, दोन्हींचे निकोटीन मुलापर्यंत पोचते, पहिले धुरातून आणि दुसरे दुधातून. निकोटीनने ते अन्ननलिकेचे कडे आणखी सैल पडते. खर्रा सुटत नसेल तरी दूध मात्र तोडू नये. सोडावयाचा तो खर्रा.

निजविण्याविषयी एक शंका प्रत्येक सभेत निघते. दूध टाकणाऱ्या मुलाला उताणे निजविले तर ते दूध घशात जाऊन गुदमरणार नाही का? म्हणून पुष्कळ जण पालथे किंवा कुशीवर निजवितात. येथे शरीराची रचना ध्यानात घ्यावी. मूल उताणे असते तेव्हा श्वासनलिका वर आणि अन्ननलिका तिच्याखाली असते. वर आलेले दूध खालीच परत जाते. पालथे केले की उलट होते, श्वासनलिका खाली येते. १९९१ साली ब्रिटनने आणि १९९४ साली अमेरिकेने मुलांना उताणेच निजविण्याची मोहीम काढली. त्यानंतर झोपेत अकस्मात होणारे मृत्यू तेथे निम्म्यावर किंवा त्याहून खाली आले, आणि गुदमरण्याचे मृत्यू वाढले नाहीत. तेव्हा सपाट अंथरूण, उताणे बाळ. डोक्याखाली उशी नको. मूल घसरून मान दुमडते.

आतापर्यंत निरुपद्रवी प्रकार झाला. यापुढचे मात्र लक्षपूर्वक वाचावे.

तान्ह्या मुलाची उलटी हिरवी, पालकाच्या पाण्यासारखी असेल, तर तो क्षण घरी बसण्याचा नव्हे. हिरवा रंग पित्ताचा. पित्त जठराच्या पुढे आतड्यात मिसळते. ते वर आले म्हणजे पुढे कोठे तरी वाट बंद आहे. जन्मतः आतडे नीट जागी बसलेले नसेल तर ते स्वतःभोवती पीळ घेते, रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांत आतडे मरते. वेळेवर शस्त्रक्रिया झाली तर मूल धडधाकट होते. येथे सकाळ-दुपारचा फरक हा जीवन-मरणाचा फरक आहे.

दुसरा प्रकार तीन ते सहा आठवड्यांच्या मुलांत, मुलींपेक्षा मुलग्यांत चौपट. जठराच्या खालच्या दाराचा स्नायू जाड होत जातो आणि दूध पुढे जाऊ देत नाही. उलटी कारंजासारखी हातभर लांब जाते, पांढरीच असते, प्रत्येक वेळी पाजल्यावर होते, आणि विशेष म्हणजे उलटी झाली की मूल लगेच पुन्हा भुकेने रडते. वजन घसरू लागते. एके काळी अशी बहुतेक मुले दगावत. जर्मनीतील कॉनराड रामस्टेट यांनी १९१२ च्या सुमारास जाड स्नायूवर चीर देऊन ती न शिवता तशीच सोडण्याची रीत घालून दिली, आणि आजही मूळ रीत तीच आहे. आता हे मूल काही दिवसांत घरी येते, मात्र सुकून जाण्याआधी नेले पाहिजे.

तिसरा प्रकार बहुधा पाच ते नऊ महिन्यांच्या मुलांत. आतड्याचा एक भाग पुढच्या भागात दुर्बिणीच्या नळ्यांसारखा शिरतो. मूल मध्येच पाय पोटाशी घेऊन किंचाळते, मग शांत होते, पुन्हा किंचाळते. उलट्या होतात, आणि पुढे शौचात रक्त व शेंब येते. ही कळ ‘पोटात वायू धरला’ म्हणून हिंग लावून निभावू नये.

याखेरीज उलटीत रक्त किंवा कॉफीच्या गाळासारखे काळपट काही दिसले (कधी ते आईच्या चिरलेल्या बोंडशीचे असते, पण हे डॉक्टरांनी ठरवावे), पोट टम्म फुगले, टाळू फुगली किंवा खोल गेली, तीन महिन्यांच्या आतल्या मुलाला ताप आला, मूल सुस्त पडले किंवा दूध घेईना, सहा-आठ तास लघवी झाली नाही, डोक्यावर पडल्यानंतर उलट्या सुरू झाल्या, किंवा सहा महिन्यांनंतर प्रथमच ओकाऱ्या लागल्या, तर त्याच दिवशी दाखवावे.

उलटीबरोबर जुलाब असतील तर धोका पाणी जाण्याचा. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ होती. सलाइन संपले तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी बोनगाव येथे मीठ-साखरेचे पाणी तोंडाने पाजून हजारोंचे प्राण वाचविले. तेच आज पुडीत मिळते. एक लिटरची पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यातच घालावी, कपभरात नव्हे. एका दमात पाजले तर उलटते; म्हणून मिनिटा-दोन मिनिटांनी एक चमचा. उलटली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा, अधिक सावकाश. आईचे दूध चालूच ठेवावे. अगदी लहान मुलाला मात्र घरी पाजीत बसण्यापेक्षा वाटेत पाजीत दवाखान्यात न्यावे.

दुकानातून परस्पर आणलेल्या औषधाविषयी नागपुरात निराळे सांगण्याची गरज नसावी. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्यप्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यातून लहान मुले आपल्या शहरातल्या रुग्णालयांत आणली गेली. साध्या सर्दी-खोकल्यासाठी दिलेल्या पातळ औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे कारखान्यात वापरावयाचे विषारी द्रावण होते. मुलांना उलट्या झाल्या, लघवी बंद झाली, मूत्रपिंडे गेली. वीसहून अधिक मुले दगावली. त्याच ऑक्टोबरात केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याने दोन वर्षांखालील मुलांना खोकल्याची व सर्दीची औषधे देऊ नयेत, असे कळविले. औषध घेतल्यानंतर उलटी आणि लघवी बंद, ही जोडी दिसली तर औषधाची बाटली घेऊनच रुग्णालय गाठावे.

बुटीबोरीहून वर्धा रस्त्याने नागपूरकडे निघाले की शहराच्या अलीकडे मिहानात एम्स लागते. पुढे शहरात मेडिकल आणि मेयो आहेत. रात्री वाहन नसेल तर १०८ वर फोन करावा; ही रुग्णवाहिका पैसे घेत नाही. विम्याचे कार्ड असेल ते बरोबर घ्यावे, पण ते शोधण्यात वेळ घालवू नये. निघताना एका कागदावर तीन गोष्टी लिहून न्याव्यात: शेवटचे कधी पाजले, शेवटची लघवी कधी झाली, आणि उलट्या किती वाजल्यापासून. डॉक्टर प्रथम हेच विचारतात आणि घाबरलेल्या आईला ते आठवत नाही. आणि ज्या दुपट्यावर हिरवी उलटी झाली असेल ते घाईघाईने धुऊन टाकू नये. घडी घालून पिशवीत टाकावे आणि डॉक्टरांच्या टेबलावर उघडून दाखवावे.